जाळीच्या दुसऱ्या बाजूला

कुमसार ऐकावयास बसलेल्या धर्मगुरूला एक मोठी सोय असते. जाळीपलीकडे गुडघे टेकलेला मनुष्य कोण, हे त्याला ठाऊक नसले तरी चालते. आपण कोण, हे मात्र त्याला पक्के ठाऊक असते. आपण ऐकणारे, आपण समज देणारे, आपण क्षमेचे शब्द उच्चारणारे. जवळजवळ तीस वर्षे मी त्या खुर्चीत बसत आलो आहे. मी स्वतःही दुसऱ्या धर्मगुरूपुढे नियमाने गुडघे टेकतो, नाही असे नाही. परंतु कधी कधी साऱ्या ख्रिस्तसभेलाच उठून जाळीच्या दुसऱ्या बाजूला यावे लागते, आणि तेव्हा आत बसलेला मनुष्य आपण ज्याला ‘सुधारावयास’ निघालो होतो तोच असतो, हे मला वयाच्या चोपन्नाव्या वर्षी कळले. तेही घरापासून हजारो मैल दूर, कॅनडात.

२०२२ सालच्या उन्हाळ्यात मी दोन महिन्यांसाठी आल्बर्टा प्रांतात गेलो होतो. एडमंटन शहराजवळच्या एका धर्मग्रामाचे धर्मगुरू रजेवर जाणार होते आणि त्यांच्या जागी मिस्सा करण्यासाठी कोणीतरी हवे होते. त्याच दिवसांत पोप फ्रान्सिस तेथे येणार होते. वर्तमानपत्रांनी त्यांच्या भेटीला ‘प्रायश्चित्ताची यात्रा’ असे म्हटले होते. मला त्या शब्दांचे नवल वाटले. पोप महोदय आमच्याकडे येतात तेव्हा आपण कमानी उभारतो, पोवाडे रचतो. प्रायश्चित्त हा शब्द त्या मांडवात कोठे बसणार?

२५ जुलै रोजी मस्क्वाचीस येथे, क्री लोकांच्या भूमीवर, एका जुन्या निवासी शाळेच्या जागेजवळ चाकांच्या खुर्चीत बसलेल्या त्या वृद्ध पोपनी क्षमा मागितली. एक लांबच लांब लाल पट्टी लोकांनी हातांवर तोलून आणली. निवासी शाळांत मरण पावलेल्या चार हजारांहून अधिक मुलांची नावे तिच्यावर होती. पोपनी त्या पट्टीचे चुंबन घेतले. हे सारे मी धर्मग्रामाच्या सभागृहात दूरचित्रवाणीवर पाहिले. दुसऱ्या दिवशी, संत ॲनाच्या सणाला, संध्याकाळी मी लाक सेंट ॲन सरोवरावर गेलो. क्री लोक या सरोवराला पूर्वापार देवाचे, आत्म्याचे सरोवर म्हणत आले आहेत. १८८९ पासून तेथे ख्रिस्ती यात्रा भरते. येशूच्या आजीचा सण आणि या लोकांचा आजीविषयीचा आदर यांची तेथे इतकी सुंदर गाठ पडली आहे की, आपल्याकडच्या कोणत्याही यात्रेकरूला ते स्थान परके वाटू नये. ढोल वाजत होते. पोपनी चारही दिशांना क्रुसाची खूण केली आणि पाण्याला आशीर्वाद दिला. माझ्या शेजारी उभी असलेली एक वृद्ध स्त्री ना रडत होती, ना टाळ्या वाजवीत होती. ती नुसती पाहत होती.

या क्षमायाचनेमागचा इतिहास आपल्या वाचकांपैकी अनेकांना तपशिलाने ठाऊक नसेल, म्हणून थोडक्यात सांगतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपासून कॅनडाच्या सरकारने आदिवासी मुलांसाठी निवासी शाळांची पद्धत उभी केली. पैसा सरकारचा, कारभार बहुतांशी ख्रिस्ती पंथांचा, आणि त्यांतील निम्म्याहून अधिक शाळा आपल्या कॅथलिक संस्थांच्या. १९२० साली कायद्यात दुरुस्ती करून ही हजेरी सक्तीची करण्यात आली. शतकभरात फर्स्ट नेशन्स, इन्युइट आणि मेटी समाजांतील सुमारे दीड लाख मुले या शाळांत गेली. तेथे गेल्यावर केस कापले जात, घरचे कपडे काढून घेतले जात, मायबोली बोलल्यास शिक्षा होई. अनेक मुलांवर याहूनही भयंकर, लिहिताना लेखणी अडखळावी असे अत्याचार झाले. क्षयरोगाने मुले मरत होती. डॉ. पीटर ब्राइस या सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्याने १९०७ सालीच पश्चिमेकडील शाळांची पाहणी करून बजावले होते की, ज्या पंधराशेहून अधिक विद्यार्थ्यांची माहिती मिळाली त्यांतील सुमारे २४ टक्के मुले मरण पावली आहेत. त्याचे कोणी ऐकले नाही. शेवटच्या शाळा बंद झाल्या त्या १९९० नंतरच्या दशकात. म्हणजे ही फार जुनी गोष्ट नव्हे.

पुढे न्यायालयीन तडजोडीतून ‘सत्य आणि समेट आयोग’ नेमला गेला. मरे सिंक्लेअर हे आदिवासी न्यायाधीश त्याचे अध्यक्ष होते. २००८ ते २०१५ या काळात आयोगाने सहा हजारांहून अधिक लोकांच्या साक्षी ऐकल्या आणि ९४ आवाहने केली. त्यांतील ५८ व्या आवाहनात म्हटले होते की, पोपनी कॅनडाच्या भूमीवर येऊन क्षमा मागावी. ६० व्या आवाहनात सेमिनऱ्यांना सांगितले होते की, भावी धर्मगुरूंना आदिवासींच्या अध्यात्माचा आदर करण्यास शिकवा. २०२१ च्या मे महिन्यात कॅम्लूप्स येथील जुन्या शाळेच्या परिसरात रडारच्या साहाय्याने सुमारे दोनशे संभाव्य कबरींच्या खुणा आढळल्याचे तेथील आदिवासी समाजाने जाहीर केले, आणि सारा देश हादरला. त्या जमिनीखालच्या खुणा होत्या, उकरून काढलेले अवशेष नव्हते. हा फरक आपण सांभाळून बोलले पाहिजे. पण मुले मेली आणि कित्येक आईबापांना त्यांच्या कबरीची जागाही कोणी सांगितली नाही, हे सिद्ध होण्यास रडारची गरज नव्हती. ते कागदोपत्री आधीच सिद्ध झालेले होते.

ऑगस्टमध्ये आमच्या धर्मग्रामाच्या सभागृहात एक कार्यक्रम झाला. तिकडच्या ख्रिस्ती पंथांच्या संयुक्त चळवळीतून १९९७ मध्ये तो तयार झाला आणि देशभर देवळांत, शाळांत होत आला आहे. जमिनीवर घोंगड्या, चादरी अंथरतात. ती त्यांची भूमी. सर्वांनी बूट काढून त्यांच्यावर उभे राहायचे. मग एक जण इतिहास वाचू लागतो आणि घटनेमागून घटना येते तशा घोंगड्या दुमडल्या जातात. कोणाच्या हातात चिठ्ठी येते. ती वाचून त्याने रोगराईने मेलेला म्हणून बाजूला व्हायचे. पाय ठेवायला जागा कमी कमी होत जाते. मला लहानपणी आजीने शिवलेल्या गोधडीवर आम्ही पाच भावंडे दाटीवाटीने निजत असू, त्याची आठवण झाली आणि मी मनाशी हसलोही. इतक्यात माझी चिठ्ठी निघाली. मी निवासी शाळेत नेलेले मूल होतो. मला एका कोपऱ्यात, वेगळ्या घोंगडीवर नेऊन उभे केले. बाकीची मंडळी दूर. कोणी बोलत नव्हते. दोन-तीन मिनिटांचाच तो प्रसंग. पण पांढरा झगा घालणारा मी मनुष्य मोजे घातलेल्या पायांनी त्या कोपऱ्यात उभा होतो, आणि मला एकाएकी एक मूल आठवले. कॅनडातले नव्हे, आपल्याकडचे.

शेवटी सर्व जण वर्तुळात बसले. गरुडाचे एक पीस हातोहात फिरते. ज्याच्या हाती ते असेल त्याने बोलायचे, इतरांनी ऐकायचे. पीस माझ्या हाती आले. मी काही न बोलता पुढे दिले. माझ्या शेजारी तीच वृद्ध स्त्री होती, जिला मी सरोवराकाठी पाहिले होते. लहानपणची सहा वर्षे तिने निवासी शाळेत काढली होती. कार्यक्रमानंतर चहा घेताना तिने सहज विचारले, “फादर, तुमच्या देशातही आदिवासी आहेत ना? तुमच्याकडे अशा शाळा होत्या का?”

“नाही,” मी म्हणालो. फार लवकर म्हणालो.

ते उत्तर खोटे होते असे कोणी न्यायालयात सिद्ध करू शकणार नाही. आपल्याकडे मुलांना पोलीस पाठवून आईच्या कुशीतून ओढून नेणारा कायदा नव्हता. आपल्या वसतिगृहांत आईबाप आपणहून मुले आणून सोडीत, आणि सुटीत मुले घरी जात. त्या वसतिगृहांनी हजारो मुलांना दोन वेळचे अन्न आणि अक्षरे दिली. हे सर्व खरे आहे. तरीही मला त्या रात्री झोप आली नाही.

सेमिनरीच्या शिक्षणात एक वर्ष प्रत्यक्ष सेवाकार्यात घालवायचे असते. १९९१ च्या जूनमध्ये, तेवीस वर्षांचा मी, एका आदिवासी तालुक्यातील वसतिगृहात दाखल झालो. मुले बहुतेक वारली. मी उत्साहाने भारलेलो होतो. आठवड्याभरात मी एक नियम केला. वसतिगृहात शुद्ध मराठीच बोलायची. जो घरची बोली बोलेल त्याने रात्री सर्वांची ताटे घासायची. आठ वर्षांचा एक मुलगा होता. त्याचे नाव वारावरून ठेवलेले होते, जसे त्यांच्याकडे ठेवतात. मला ते नाव गावंढळ वाटले. शाळेत त्याचा अपमान होऊ नये, या शुद्ध हेतूने मी हजेरीपटावर त्याचे दुसरे, चांगलेसे नाव लिहिले. त्याच्या बापाला विचारले नाही. मुलाला तर नाहीच नाही. तो बहुतेक रात्री ताटे घाशीत असे. पुढे पुढे त्याने घासणे थांबवले. कारण त्याने बोलणेच थांबवले होते. मी माझ्या अहवालात लिहिले : ‘मुलाची वागणूक सुधारली.’

त्याच १९९१ च्या जुलैत, त्याच लाक सेंट ॲन सरोवराच्या काठी, निवासी शाळा चालवणाऱ्या ओब्लेट संघाने कॅनडातील आदिवासींची जाहीर क्षमा मागितली होती. ज्या आठवड्यात तिकडचे धर्मगुरू आपल्या पूर्वसुरींचे ओझे उतरवीत होते, त्या आठवड्यात मी इकडे नवे बांधीत होतो.

सकाळी मिस्सेनंतर मी त्या बाईंना गाठले आणि सर्व सांगितले. मला वाटले, त्या माझे सांत्वन करतील. निदान, तुमचा हेतू चांगला होता, असे तरी म्हणतील. त्या म्हणाल्या, “हे मला सांगून काय उपयोग? त्याला सांगा.”

येथे मला माझ्या कुमसाराच्या खुर्चीची आठवण झाली. आपण लहान मुलांना पहिल्या ख्रिस्तशरीर स्वीकाराच्या तयारीत शिकवतो : विवेकाची तपासणी, पश्चात्ताप, पुन्हा पाप न करण्याचा निश्चय, पापांचे निवेदन आणि भरपाई. एखाद्याने शेजाऱ्याची कोंबडी चोरली तर धर्मगुरूपुढे रडून भागत नाही. कोंबडी परत करावी लागते. जक्कय झाडावरून उतरला तो नुसता हळहळला नाही, चौपट परत करतो म्हणाला. हे आपण मुलांना सांगतो. मग संस्थेच्या बाबतीत आपण पश्चात्तापाच्या पायरीवरच का थांबतो?

कॅनडातील ख्रिस्तसभेलाही ही पायरी चढताना धाप लागली. तडजोडीनुसार कॅथलिक संस्थांनी अडीच कोटी डॉलर वर्गणीतून जमवण्याचा प्रयत्न करायचा होता. प्रत्यक्षात चाळीस लाखांहूनही कमी जमले. तेथील बिशपांनी सामुदायिक क्षमा मागितली ती २०२१ च्या सप्टेंबरात. इतर काही पंथांनी ती १९८६ पासूनच मागितली होती. त्याच महिन्यात त्यांनी पाच वर्षांत तीन कोटी डॉलर देण्याचे नव्याने वचन दिले. पोप महोदयांच्या शब्दांवरही सिंक्लेअर यांनी बोट ठेवले. दोष काही ख्रिस्ती व्यक्तींचा होता असे म्हणून भागत नाही, संस्था म्हणून ख्रिस्तसभेचा वाटा उच्चारला गेला पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. मला प्रथम ते कठोर वाटले. पण कुमसारात आलेला माणूस ‘माझ्या हाताने चोरी केली’ असे म्हणाला, तर आपण त्याला विचारणार नाही का, की बाबा रे, हात कोणाचा?

पुढे पावले पडली, हेही नमूद केले पाहिजे. ३० मार्च २०२३ रोजी व्हॅटिकनने तथाकथित ‘शोधाच्या सिद्धांता’चा स्पष्ट शब्दांत त्याग केला. पंधराव्या शतकातील ज्या पोपपत्रांचा आधार घेऊन युरोपीय राजांनी बिगरख्रिस्ती भूमींवर हक्क सांगितला, त्यांच्याशी हा सिद्धांत जोडलेला आहे. त्यांतील १४५५ चे पत्र पोर्तुगालच्या राजाला दिलेले होते. वसईकरांनी येथे क्षणभर थांबावे. १५३४ साली वसई ज्यांच्या हाती गेली ते हेच पोर्तुगीज. आपली श्रद्धा त्यांच्या गलबतांतून आली आणि तिच्याबरोबर आणखीही बरेच काही आले. फादर स्टीफन्स यांनी १६१६ साली मराठीत ख्रिस्तपुराण प्रसिद्ध केले, आणि १६८४ साली गोव्याच्या व्हाइसरॉयने कोकणी तीन वर्षांत सोडून पोर्तुगीज बोला, असा हुकूम काढला. एकाच क्रुसाच्या छायेत भाषेवर प्रेम करणारेही उभे होते आणि भाषा तोडणारेही. आल्बर्टात फादर लाकोंब यांनी १८७४ मध्ये क्री भाषेचा कोश आणि व्याकरण छापले, आणि दहाच वर्षांनी ते एका आदिवासी औद्योगिक शाळेचे पहिले मुख्याध्यापक झाले. तेव्हा प्रेम करणारे आणि तोडणारे नेहमी दोन वेगळे लोक असतात, असेही नव्हे.

नाताळनंतर मी त्याला शोधीत गेलो. तो आता चाळिशीच्या उंबरठ्यावर असलेला प्राथमिक शिक्षक आहे. त्याने मला ओळखले, खुर्ची दिली, बायकोला चहा ठेवायला सांगितले. मी वाटेत पाठ केलेली वाक्ये कशीबशी बोललो. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “फादर, तुमच्या वसतिगृहात राहिलो म्हणून आज शिक्षक आहे, हे खरं आहे. आणि आजही शाळेत साहेब तपासणीला आले की घरचा शब्द तोंडून निघेल म्हणून मी जीभ आवळून धरतो, हेही खरं आहे. माझ्या मुलांशी मी घरी वारलीत बोलत नाही. बोलायला गेलो तर ताटं आठवतात.”

त्याने मला क्षमा केली, असे मी लिहू शकत नाही. तो शब्द त्याने उच्चारला नाही, आणि मी मागणी केली नाही. क्षमा मागणाऱ्याने क्षमेची तारीख ठरवायची नसते, हे मी कॅनडात शिकून आलो होतो. उठताना मी विचारले, “मी काय करू?” तो म्हणाला, “आमच्याकडे लग्न लावणारी एकच म्हातारी धवलेरी उरली आहे. तिची गाणी कोणी लिहून घेतलेली नाहीत. तुमच्या तरुणांकडे चांगले फोन असतात. त्यांना पाठवा. पण कुठलं गाणं घ्यायचं आणि कुठलं नाही, हे आम्ही ठरवणार.”

आमच्या धर्मग्रामातील चार तरुण तीन उन्हाळ्यांपासून तेथे जात आहेत. पहिल्या खेपेला मी बरोबर गेलो आणि भिंतीशी बसलो. मला कोणी काही विचारले नाही, तेच बरे झाले. ध्वनिमुद्रणे गावाकडेच राहतात. गाणी एका जाड वहीत उतरवली जातात आणि आमच्या मुलांनी चुकीचे लिहिलेले शब्द ते गुरुजी लाल शाईने दुरुस्त करतात. मागच्या वर्षीपासून त्यांची धाकटी मुलगीही या कामात बसू लागली आहे. २०२५ च्या नोव्हेंबरात पोप लिओ यांनी व्हॅटिकनच्या संग्रहातील ६२ आदिवासी वस्तू कॅनडाच्या बिशपांच्या हाती परत दिल्याचे मी वाचले. त्या वस्तू १९२५ च्या मिशन प्रदर्शनाच्या निमित्ताने रोमला गेल्या होत्या. परतीच्या प्रवासास शंभर वर्षे लागली. आमची वही त्यामानाने लहान आहे. तिच्या पहिल्या पानावर गुरुजींनी आपले नाव लिहिले आहे. हजेरीपटावर मी लिहिलेले नव्हे, बापाने ठेवलेले.

प्रिय वाचकहो, हे सर्व मी आपल्यासाठी लिहिले ते कॅनडाची बातमी देण्यासाठी नव्हे. आपल्या वाड्यांत, बागांत, विहिरींवर पिढ्यान्‌पिढ्या वारली, कातकरी माणसे राबत आली आहेत. आपल्या आजोबांच्या वयाच्या त्या माणसांना आपली शाळकरी मुले ‘ए’ म्हणून हाक मारतात, आणि आपण ऐकून घेतो. येत्या उपवासकाळात आपण विवेकाची तपासणी करू तेव्हा एक साधा प्रश्न स्वतःला विचारून पाहावा. आपल्याकडे वर्षानुवर्षे कामाला येणाऱ्या त्या माणसाचे पूर्ण नाव मला ठाऊक आहे काय? नसेल तर कुमसाराला येण्यापूर्वी ते त्यालाच विचारावे. मग जाळीपाशी यावे. मी तेथे बसलेला असेन. आणि जाळीची दुसरी बाजू आता मलाही ठाऊक आहे.